मास्तरांचा हातगुण

आत्याच्या छापखान्यात शाईचा एक थेंब सापडणार नाही. तिथे फक्त ठिपके निघतात. तिच्या घरातल्याच दोन खोल्या, एक लांब टेबल, भिंतीशी जाड कागदाचे गठ्ठे आणि कोपऱ्यात ओव्हनएवढं एक यंत्र. कॉम्प्युटरकडून मजकूर आला की ते कागदावर ब्रेलचे ठिपके उठवत जातं, मिनिटाला एक पान. त्याचा आवाज इतका दणकट आहे की सगळे त्याला ठोक्या म्हणतात. ठोक्या वीस वर्षांचा आहे आणि तो फक्त एकाच कॉम्प्युटरचं ऐकतो. तो कॉम्प्युटरही जवळजवळ तेवढ्याच वयाचा. नव्या कॉम्प्युटरला ठोक्याची जाड वायर बसतच नाही.

भौतिकशास्त्राची पदवी हातात आली आणि पुढच्या अभ्यासक्रमाला दोन महिने अवकाश होता, म्हणून मी आत्याच्या मदतीला आले. पहिल्या आठवड्यात मी ब्रेल शिकले आणि नवशिक्याच्या उत्साहाने घरभर लेबलं लावली. चिकट प्लॅस्टिकच्या पट्टीवर ठिपके उठवायचे, कापायचे, चिकटवायचे. चहाचा डबा, साखरेचा डबा, कात्रीचा खण, पंख्याचं बटण. छापलेली पानं तपासायला मास्तर सोमवार, बुधवार आणि शुक्रवार येतात. ते जन्मापासून पाहू शकत नाहीत. तीस वर्षं अंध मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेत. पट्ट्या लागल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खोलीभर फिरून माझी सगळी लेबलं वाचली आणि म्हणाले, "पोरी, भिंतीवर 'भिंत' लावायची राहिली का गं?"

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला.

म्हणजे नीट बिघडलाही नाही. बिघडला असता तर बरं झालं असतं. बटण दाबलं की कधी सुरू व्हायचा आणि दिवसभर सरळ चालायचा. कधी पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि चार सेकंदांत साहेब मान टाकायचे. त्यानंतर बटण दाबत राहा, कधी ढिम्म, कधी पुन्हा तेच चार सेकंद.

"तू आलीस ते बरं झालं," आत्या म्हणाली. "नेमका आत्ताच हा रुसायला लागलाय. तुझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग होईल."

मी एक वही केली. तारीख, वेळ, बटण कोणी दाबलं, काय झालं. आत्याचं म्हणणं होतं की आधी पंखा लावला की तो सुरू होतो. पुस्तकांची बांधणी करणारे बाइंडरकाका म्हणायचे, त्याला दोन शिव्या द्याव्या लागतात, त्याही मनापासून. मी दोन्ही सिद्धांत तपासले. पंखा लावून सहापैकी एकदा, पंख्याशिवाय सातपैकी एकदा. शिव्यांनी चारपैकी शून्य.

"तुझ्या शिव्यांत जोर नाही," काका म्हणाले.

मास्तरांचा स्वतःचा कुठलाच सिद्धांत नव्हता. ते यायचे, काठी दाराशी ठेवायचे, कॉम्प्युटरपाशी जायचे आणि बटण दाबायचे. कॉम्प्युटर सुरू व्हायचा. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी वही चाळून बेरीज केली. आत्या, काका आणि मी मिळून एकतीस वेळा, त्यात यश पाच वेळा. मास्तर अकरा वेळा, त्यात यश अकरा वेळा.

"हातगुण," आत्या म्हणाली, जसं काही प्रश्न मिटला. "काहींच्या हातालाच असतो. माझ्या सासूबाईंनी नुसती काडी खोचली तरी तिचं झाड व्हायचं."

"आत्या, हातगुण असं काही नसतं."

"मग तुझ्या वहीत काय लिहिलंय?"

माझ्याच आकड्यांनी माझी पंचाईत केली होती. मास्तर मात्र खूश होते. चहाचा कप पुढे करत म्हणाले, "हातगुणवाल्या माणसाला दुसरा कप मिळतो का?"

"मास्तर, तुम्हाला काही वेगळं ऐकू येतं का? बटण दाबताना? आतून एखादी टकटक, घरघर?"

"हे बघ, डोळे नाहीत म्हणून कान कुत्र्याचे मिळत नाहीत," ते म्हणाले. "मला जे तुला ऐकू येतं तेच ऐकू येतं. उलट वयामुळे थोडं कमीच."

एवढ्यापर्यंत सगळी गंमत होती. शनिवारच्या पुस्तकाने ती गंभीर झाली.

आत्याने आयुष्यभर पाठ्यपुस्तकं छापली. भूगोल, गणित, पुन्हा भूगोल. या वेळी पहिल्यांदाच मास्तरांच्या जुन्या शाळेकडून वेगळं काम आलं होतं. तिथल्या चौथीच्या वर्गात नऊ मुलं आहेत. प्रत्येकाने एक गोष्ट रचली होती आणि त्यांचं पुस्तक होणार होतं, 'आमच्या नऊ गोष्टी'. शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात नऊ मुलं नऊ प्रती मांडीवर घेऊन आईवडिलांसमोर आपापली गोष्ट वाचणार होती. पाठ करून म्हणणार नव्हती, वाचणार होती. आत्यासाठी सगळं त्या एका शब्दात होतं.

"पाठांतर सगळ्यांनीच ऐकलंय," ती मला म्हणाली होती. "आपलं मूल वाचतं, हे यातल्या बऱ्याच आईबापांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. मी शब्द दिलाय बरं. नऊ म्हणजे नऊ. आठ झाल्या तर एक पोर रिकाम्या मांडीने बसेल."

शेवटची गोष्ट, लिफ्टमध्ये अडकलेल्या बेडकाची, बुधवारी सकाळी आली. एका प्रतीला साठ पानं, म्हणजे एक तास. शिवाय ठोक्याचं एक जुनं दुखणं होतं. साठ-पासष्ट पानं झाली की तो बावचळतो, आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद करून बटणाने पुन्हा चालू केल्याशिवाय पुढे सरकत नाही. इतकी वर्षं कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मात्र दर प्रतीमागे एकदा ते बटण दाबावं लागणार होतं.

बुधवारी मास्तरांनी बटण दाबलं, पहिली प्रत निघाली, त्यांनी ती तपासली आणि दुपारी ते घरी गेले. आम्ही दाबत राहिलो, कशीबशी दुसरी निघाली. त्यानंतर तीन ते सहा या वेळात एकोणीस वेळा दाबूनही कॉम्प्युटर चार सेकंदांच्या पुढे गेला नाही. आत्याने टेबलावर हात टेकले.

गुरुवारी सकाळीच तो पेटारा मी रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा माणूस तीन बाय तीनच्या गाळ्यात बसतो आणि कानामागे पेन्सिलऐवजी स्क्रूड्रायव्हर ठेवतो. मी त्याला वही दाखवली. त्याने ती आदराने बाजूला सरकवली.

"ताई, ठेवून जा. संध्याकाळी या."

संध्याकाळी तो हसत होता. "वीस वेळा चालू केला, वीस वेळा बंद केला. एकदाही कुरकुर नाही. धूळ काढली, आतली छोटी बॅटरी बदलली. याला काहीही झालेलं नाही."

घरी आणला, वायरी लावल्या, बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. मान टाकली.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडे चालत होता, म्हणजे तुमच्याकडची वीज खराब."

ते मला पटलं. खरंच पटलं, कारण ते तर्काला धरून होतं. यंत्र तेच, जागा बदलली की वागणं बदलतं, मग दोष जागेत. मी मीटर घेऊन त्या दोन खोल्यांतलं प्रत्येक सॉकेट मोजलं. सगळीकडे वीज अगदी शहाण्यासारखी होती. मी कॉम्प्युटर स्वयंपाकघरात नेऊन लावला, मग दाराशी, मग शेजाऱ्यांकडून लांब वायर आणून त्यांच्या विजेवर. सगळीकडे चार सेकंद.

"न्हाणीघर राहिलं," बाइंडरकाका म्हणाले. सात प्रतींची बांधणी करायला सुया ओवून ते दिवसभर बसून होते.

शुक्रवारी दहाला मास्तर आले. काठी ठेवली, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला. अकराला पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू. तिसरी प्रत झाली, चौथी ठोक्यात शिरली.

"आज मास्तरांना इथेच बांधून ठेवू," आत्या म्हणाली.

"बाई, एक वाजता मला निघायला हवं," मास्तर म्हणाले. "मुलं शाळेत वाट बघतायत. पुस्तक हातात न घेता उद्या एकदम वाचायला लागली तर अडखळतील. तयार प्रती मी घेऊन जातो, आज दुपारी सराव करतील."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. मीही मनात मोजलं. बाराला पाचवी सुरू होईल. उरलेल्या चार वेळांना मास्तर नसतील, म्हणजे चार पोरं रिकाम्या मांडीने बसणार. शेवटच्या गोष्टीचं पान उचलून आत्याने उगाचच त्यावरून हात फिरवला.

ठोक्या टकटकत असताना मी खिडकीशी गेले आणि दुरुस्तीवाल्याला परत फोन लावला. शास्त्रात एक साधा नियम आहे. दोन प्रयोगांची उत्तरं वेगळी आली, तर दोन प्रयोग खरंच सारखे होते का ते आधी विचारायचं. मी ते विचारलंच नव्हतं.

"तुम्ही काल वीस वेळा चालू केलात ना, तेव्हा नेमकं काय काय केलंत? एकेक पायरी सांगा."

"झाकणं काढली. वायर लावली. चालू केला."

"बटण दाबून?"

"बटण कशाला?" तो म्हणाला. "पुढचं झाकण काढलं की बटण झाकणाबरोबर जातं. आत दोन बारीक काड्या असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवला की चालू. आम्ही सगळे असंच करतो."

मी फोन ठेवला. म्हणजे या सगळ्या भानगडीत त्याने बटणाला हातच लावला नव्हता. वीज चांगली, आतलं सगळं चांगलं. आमच्या घरातला आणि त्याच्या गाळ्यातला फरक एवढाच होता, ते बटण. आणि मास्तर बटण दाबतात तेव्हा चालतं.

बाराला चौथी प्रत बाहेर आली. मी मोबाइल बटणासमोर पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि संथ चित्रण सुरू केलं.

"मास्तर, नेहमी दाबता तसंच दाबा. काहीही वेगळं करू नका."

"आता तू असं म्हणालीस की वेगळंच होणार," ते म्हणाले, पण त्यांनी दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

मी चित्रण आठपट संथ करून बघितलं. बोट आलं. बटण आत गेलं. बोट उचललं गेलं, आणि बटण आतच राहिलं! मग बोट परत आलं, बटणावर डावीकडे टेकलं, हळूच उजवीकडे सरकलं, आणि त्याच्या धक्क्याने बटण टुणकन बाहेर आलं.

"मास्तर," मी म्हटलं, "दाबल्यानंतर तुम्ही बटणावर परत बोट का फिरवता?"

"मी फिरवतो?" मास्तर विचारात पडले. मग त्यांनी हवेत तेच केलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, तिथे 'चालू' असं लिहिलंय ना! शब्द हाताखाली आला की मी वाचतो. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. आधी दाबतो, मग वाचून खात्री करतो की योग्य तेच दाबलं."

मी खाली वाकले. बटण लांबट, तेवीस मिलिमीटरचं. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी. 'चालू' हा शब्द ब्रेलमध्ये चार घरांचा, म्हणजे ठिपक्यांच्या चार गटांचा. चार घरांना चोवीस मिलिमीटर लागतात. डावीकडून मी पट्टी काटेकोर कापली होती. उजवीकडून कापता आली नव्हती, कारण शेवटच्या अक्षराचा ठिपका गेला असता, म्हणून मी ती जराशी बाहेर ठेवली होती. त्या एका मिलिमीटरची कड बटण आत गेलं की जवळजवळ दर वेळी झाकणाच्या कडेखाली अडकत होती. आणि बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की कोणताही कॉम्प्युटर बंद होतो. अडकला की असाच तर बंद करतो आपण! तीन आठवडे तो आकडा माझ्या कानात ओरडत होता. मी तो वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत होते.

"आत्या," मी म्हटलं. "सापडलं."

"काय झालंय त्याला?"

"त्याला काही झालेलं नाही. मला झालंय. ही पट्टी मी लावली."

बाइंडरकाकांनी सुई खाली ठेवली.

"म्हणजे आजार आणि डॉक्टर एकाच गाडीने आले म्हणायचे!"

आत्या हसायला लागली. तिला एकदा हसू लागलं की थांबत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. ती खुर्चीत बसली, पदराने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. "आणि मी हिला म्हणतेय, तू आलीस ते बरं झालं! स्वयंपाकघरात काय नेलास, शेजाऱ्यांकडे काय नेलास... अगं, त्या बिचाऱ्यांना मी सांगितलं, आमच्याकडची वीज आजारी आहे!"

"हसा," मास्तर म्हणाले. "माझं काय? तीन आठवडे मी या घरात सिद्धपुरुष होतो. दोन कप चहा मिळत होता. हिने पाच मिनिटांत माझा कारकून केला."

"दुसरा कप चालू राहील, मास्तर," आत्या म्हणाली.

मी पाचवी प्रत संपेपर्यंत पट्टीला हात लावला नाही. चालत्या कॉम्प्युटरचं बटण खरवडायला जाऊन तोच बंद पाडण्याइतकी मी आता भोळी राहिले नव्हते. एक वाजता शेवटचं पान पडलं. मी नखाने पट्टी सोडवली आणि बटणाच्या वर, झाकणाच्या सपाट भागावर लावली. मग वही उघडली.

मी बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. पडदा उजळला.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

बंद केला, दाबला, चालू. मग आत्याने, मग काकांनी. काकांनी सवयीने एक शिवी दिली आणि लगेच कॉम्प्युटरची माफी मागितली. दहापैकी दहा झाले तेव्हा मास्तर म्हणाले, "आता खेळ पुरे. माझी बस जाईल." बांधून झालेल्या चार प्रती पिशवीत भरून ते निघाले. दाराशी थांबून त्यांनी काठी घेतली आणि चौकटीवरची माझी पट्टी वाचली. "'दार'," ते मोठ्याने म्हणाले. "खात्री झाली."

सहावी, सातवी, आठवी, नववी. पाच वाजता ठोक्या थांबला. आधीच्या पानांवर काकांचे टाके चालूच होते. दिवेलागणीला त्यांनी शेवटचा दोरा दाताने तोडला. आत्याने पाचही प्रती टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर एकेकदा हात ठेवला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. नऊ खुर्च्या, नऊ मुलं, नऊ मांड्यांवर नऊ पुस्तकं. पहिली पाळी बेडकाची गोष्ट रचणाऱ्या मुलीची होती. वर्गातली सगळ्यांत लहान, दोन घट्ट वेण्या, पाय जमिनीला पोचत नव्हते. वर्गाच्या बाईंनी तिच्यापुढे माइक ठेवला. माइक बंद होता. बाईंनी बटण मागेपुढे केलं, वायर हलवली, काही नाही.

"मास्तर!" मागच्या रांगेतून बाइंडरकाका ओरडले. "जरा हात लावा की!"

मास्तर उठले, ऐटीत पुढे गेले आणि त्यांनी बटण चाचपून दाबलं. माइक बंदच राहिला.

"बघा," मास्तर सभागृहाला म्हणाले, "यावर काही लिहिलेलं नाही."

ते फक्त आम्हा चौघांना कळलं, पण हसले सगळेच. मुलीने वाट पाहिली नाही. तिने पुस्तक उघडलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि माइकशिवाय वाचायला सुरुवात केली. "एका बेडकाला पाचव्या मजल्यावर जायचं होतं." आवाज बारीक होता, त्यामुळे सगळे पुढे झुकले. पंख्यांचाही आवाज ऐकू येऊ लागला, म्हणून कोणीतरी ते बंद केले. दुसऱ्या रांगेत तिचे वडील उभे राहिले होते. त्यांना मागच्यांनी बसा म्हटलं नाही. ते तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते, बोटाकडे पाहत होते. बेडूक तिसऱ्या मजल्यावर अडकला, लिफ्टमनला त्याने राजीनामा देऊ नको अशी विनंती केली, आणि शेवटी जिन्याने उड्या मारत वर गेला.

गोष्ट संपली. टाळ्या सुरू झाल्या. आत्या माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

मुलीचं बोट मात्र पानावरच होतं. ते सगळ्यांत खालच्या ओळीवर उतरलं, जिथे गोष्ट रचणाऱ्याचं नाव छापलं होतं, आणि डावीकडून उजवीकडे हळूच सरकलं. मग तिने पुस्तक मिटलं.

"खात्री करतेय," मी आत्याच्या कानात म्हटलं.

"मला दिसतंय," आत्या म्हणाली.